कवटीचा फोटो आणि मेंदूची बातमी

पालघर जिल्ह्यांत बोईसरजवळ सालवड नांवाचें गांव आहे. एके काळीं हा सारा मुलूख भातखाचरांचा. आतां तारापूरची औद्योगिक वसाहत गांवाच्या अंगाला येऊन भिडली आहे, आणि पाळी सुटण्याच्या वेळीं सायकली, मोटारसायकली व मालमोटारी यांची रस्त्यावर एकच गर्दी उसळते. अशा ठिकाणीं डोक्यास मार लागण्याचे प्रसंग नवे नसतात. कोणी शिडीवरून घसरतो, कोणाची मोटारसायकल खड्ड्यांत आदळते, कोणाच्या डोक्यावर वरून कांहीं पडतें. मनुष्य क्षणभर बेशुद्ध होतो. मग उठून बसतो, पाणी मागतो, घरच्या माणसांना ओळखतो. दवाखान्याच्या दारांत ताटकळत उभी असलेली मंडळी तेव्हां जो पहिला प्रश्न विचारतात तो बहुधा ठरलेलाच असतो. "डॉक्टरसाहेब, डोक्याचा फोटो काढला ना? त्यांत कांहीं निघालें नाहीं ना?" फोटो स्वच्छ आहे असें उत्तर आलें कीं सर्वांचा जीव भांड्यांत पडतो. रोग्याला रात्रीं घरीं न्यावें कीं शंभर किलोमीटरांवरच्या मुंबईस हलवावें, हा जिवावरचा प्रश्न त्या एका उत्तरानें सुटल्यासारखा वाटतो.

फोटोवरचा हा विश्वास एका दिवसांत उत्पन्न झालेला नाहीं, आणि तो अगदींच खोटाही नाहीं. परंतु त्या काळ्या पारदर्शक पत्र्यावर नेमकें काय उमटतें आणि काय उमटत नाहीं, हें ठाऊक नसल्यास तोच विश्वास घात करूं शकतो. त्या पत्र्याला लोक 'मेंदूचा फोटो' म्हणतात. वस्तुतः त्यांत मेंदू नसतोच.

१८९५ च्या नोव्हेंबर महिन्याच्या ८ तारखेस जर्मनींतील वुर्झबर्ग येथें पदार्थविज्ञानाचे अध्यापक विल्हेल्म राँटजेन आपल्या प्रयोगशाळेंत काळ्या पुठ्ठ्यानें झांकलेल्या निर्वात नळींतून विजेचा प्रवाह सोडीत होते. खोलींत अंधार होता. नळींतील उजेड बाहेर पडण्यास कोठेंही वाट ठेवलेली नव्हती. तरी कांहीं अंतरावरचा, रासायनिक लेप दिलेला पडदा एकाएकीं चमकूं लागला. हे किरण कसले, हें त्यांना ठाऊक नव्हतें. म्हणून बीजगणितांत अज्ञात राशीला जें अक्षर देतात तेंच त्यांनीं या किरणांना दिलें. मराठी शाळांतल्या बीजगणितांत तें अक्षर 'क्ष' होतें, आणि तिकडचे 'एक्स-रे' इकडे क्ष-किरण झाले. शास्त्रीय परिभाषेंत इतकें नेमकें आणि इतकें सहज भाषांतर क्वचितच साधलें असेल. २२ डिसेंबर रोजीं राँटजेन यांनीं आपल्या पत्नीचा हात कांचेच्या पट्टीवर ठेवविला व त्या हाताच्या हाडांचें, बोटांतल्या अंगठीसकट, चित्र घेतलें. २८ डिसेंबर रोजीं त्यांनीं आपला निबंध प्रसिद्धीसाठीं दिला. शोधाचें पेटंट त्यांनीं घेतलें नाहीं. त्यामुळें नळी आणि विजेची गुंडाळी ज्याच्यापाशीं होती तो प्रत्येक प्रयोगशील मनुष्य थोड्याच आठवड्यांत हातापायांचीं चित्रें घेऊं लागला. पदार्थविज्ञानाचें पहिलें नोबेल पारितोषिक १९०१ सालीं राँटजेन यांनाच मिळालें.

हात सोपा होता. डोकें मात्र सोपें नव्हतें. तळहात पातळ, त्याचीं हाडें एकाशेजारीं एक पसरलेलीं. डोकें म्हणजे चोहोंकडून बंद असलेली हाडाची पेटी. डाव्या बाजूची छाया उजव्या बाजूच्या छायेवर पडते, कानामागचें टणक हाड जबड्याच्या छायेंत मिसळतें, आणि इतक्या जाडींतून पार जाण्यास किरणांना वेळ फार लागतो. ही अडचण कौशल्यानें दूर करण्याजोगी होती. दुसरी अडचण मात्र वस्तूच्या स्वभावांतलीच होती. क्ष-किरणांना हाड अडवतें, धातु अधिक अडवतो, हवा मुळींच अडवीत नाहीं. पण मेंदू, त्याच्या भोंवतालचें पाणी आणि त्यांत सांडलेलें रक्त हीं तिन्ही त्यांना जवळ जवळ सारख्याच प्रमाणांत अडवतात. ज्या दोन वस्तूंच्या छायांत फरक नाहीं त्या वस्तु साध्या फोटोंत वेगळ्या दिसावयाच्या कशा? पेटी दिसे; पेटींतला ऐवज दिसत नसे.

पहिला प्रयत्न फार लौकर झाला, आणि त्याची हकीकत मोठी चमत्कारिक आहे. अमेरिकेंतील नॅशव्हिल येथें व्हँडरबिल्ट विद्यापीठांत, १८९६ च्या फेब्रुवारींत, बंदुकीची गोळी डोक्यांत शिरलेल्या एका मुलाची गोळी शोधून काढतां येईल काय अशी विचारणा झाली. मुलावर प्रयोग करण्यापूर्वीं आपण स्वतःच बसून पाहावें, असें तेथील वैद्यक विभागाचे प्रमुख विल्यम डडली यांना वाटलें. पदार्थविज्ञानाचे अध्यापक जॉन डॅनियल यांनीं त्यांच्या डोक्याच्या एका बाजूस कांच बांधली, दुसऱ्या बाजूस केसांपासून अवघ्या अर्ध्या इंचावर नळी धरली, आणि तासभर किरण सोडले. चित्र कांहींच उमटलें नाहीं. एकवीस दिवसांनीं मात्र, नळी जेथें धरली होती तेथले डडली यांचे केस गळून दोन इंच रुंदीचें टक्कल पडलें. कवटीच्या क्ष-किरणचित्राच्या इतिहासाचा आरंभ असा एका टकलानें झाला. किरण शरीरांतून नुसते निघून जात नाहींत, जातां जातां कांहीं बिघाड करून जातात, याची ती अगदीं पहिल्या सूचनांपैकीं एक होती. तिचा बोध घेण्यास पुढें अनेकांना बोटें आणि प्राणही गमवावे लागले.

हिंदुस्थानाशीं या किरणांचा संबंध प्रथम रणांगणावर ठळकपणें दिसला. वायव्य सरहद्दीवरील १८९७-९८ च्या तिराह मोहिमेंत वॉल्टर बीव्हर या लष्करी शस्त्रवैद्यानें क्ष-किरणांचें यंत्र डोंगरदऱ्यांतून वाहून नेलें व जखमी सैनिकांच्या अंगांतील गोळ्या शोधण्यासाठीं वापरलें. धातूची गोळी आणि मोडलेलें हाड यांसाठीं तें यंत्र उत्तमच होतें. परंतु डोक्याच्या आंत रोग असेल, गांठ वाढत असेल, पाणी सांचत असेल, तर काय करावें?

या प्रश्नाला ज्यानें आयुष्य वाहिलें तो पुरुष व्हिएन्ना शहरांतला. आर्थर शुलर यांचा जन्म १८७४ चा. मज्जातंतूंच्या रोगांचा अभ्यास करून ते व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयांतील क्ष-किरण विभागाकडे वळले. त्यांच्या ध्यानांत एक साधी गोष्ट आली. घरांत काय चाललें आहे हें दिसत नसलें, तरी भिंतींवर त्याच्या खुणा उमटतातच. मेंदू मऊ खरा, पण तो वर्षानुवर्षें कवटीच्या आंतल्या बाजूला दाब देतो. गांठ वाढली तर शेजारचें हाड झिजतें, किंवा उलट जाड होतें. धमनी फुगली तर हाडांतली तिची खांचही रुंदावते. तेव्हां हाडाकडे पुरेशा बारकाईनें पाहिलें, तर न दिसणाऱ्या मेंदूची बातमी मिळेल. मृत माणसांच्या कवट्या आणि जिवंत रोग्यांचे फोटो शेजारीं शेजारीं ठेवून शुलर यांनीं प्रत्येक रेषा, प्रत्येक छिद्र, प्रत्येक खांच ओळखून काढली. १९०५ सालीं कवटीच्या तळावरचें आणि १९१२ सालीं डोक्याच्या सर्व रोगांच्या क्ष-किरणनिदानावरचें असे त्यांचे दोन ग्रंथ निघाले. मेंदूच्या क्ष-किरणशास्त्राचा पाया तो हाच.

त्या भिंतीवरच्या लिपींतलीं कांहीं अक्षरें मोठीं बोलकीं आहेत. कवटीच्या तळाशीं, दोन्ही डोळ्यांच्या मागें, हाडांत तुर्की खोगिराच्या आकाराची एक लहानशी खांच असते आणि तींत पिट्यूटरी नांवाची वाटाण्याएवढी ग्रंथि बसलेली असते. ती ग्रंथि गांठीनें वाढली कीं खोगीर फुगतें. हातपाय आणि जबडा बेढब वाढत चाललेल्या, दृष्टि मंद होत चाललेल्या रोग्याच्या फोटोंत तें फुगलेलें खोगीर दिसलें कीं निदानाला फारसा वाव उरत नसे. लहान मुलाच्या डोक्यांत दाब वाढला तर कवटीचे सांधे उसवतात, आणि पुढें पुढें कवटीच्या आंतल्या अंगावर जागोजाग उथळ खळगे दिसूं लागतात. पाश्चात्त्य वैद्य या कवटीला 'ठोकलेल्या तांब्याची' म्हणतात. पुण्याच्या तांबट आळींत हातोडीनें ठोके पाडलेलें घंगाळ ज्यानें पाहिलें आहे त्याला ही उपमा समजावून सांगावी लागणार नाहीं. मात्र वाढत्या वयांतल्या कित्येक निरोगी मुलांच्या कवटींतही असे थोडे खळगे असतात, म्हणून अनुभवी वैद्य एवढ्यावरच निर्णय देत नाहींत. थॅलसीमिया या रक्ताच्या आनुवंशिक विकारांत मुलाच्या हाडांतला मगज रक्त पुरवण्यासाठीं इतका वाढतो कीं फोटोंत कवटीच्या कडेवर बारीक उभ्या रेषांची रांग दिसते, जणूं भीतीनें केस उभे राहिले आहेत.

सर्वांत चतुर युक्ति पिनियल ग्रंथीची. मेंदूच्या अगदीं मध्यभागीं असलेल्या या इवल्याशा ग्रंथींत बऱ्याच प्रौढ माणसांच्या बाबतींत चुना जमतो, आणि चुना फोटोंत दिसतो. अर्थात् सर्व न दिसणाऱ्या मऊ पदार्थांच्या मधोमध निसर्गानें आपण होऊन एक पांढरा ठिपका ठेवून दिलेला आहे. हा ठिपका मध्यरेषेवरून एका बाजूस सरकला असेल, तर विरुद्ध बाजूला कांहीं तरी वाढून त्याला ढकलीत आहे हें उघड होय. सॅन फ्रॅन्सिस्को येथील शस्त्रवैद्य हॉवर्ड नॅफझिगर यांनीं १९२५ सालीं हें दाखवून दिलें. पुढें कित्येक वर्षें फुटपट्टी घेऊन तो ठिपका मोजणें हा मेंदूच्या वैद्यांचा नित्याचा उद्योग होऊन बसला.

शुलर यांचें पुढें काय झालें तें सांगितल्यावांचून हा भाग पुरा होत नाहीं. ते ज्यू होते. १९३८ सालीं हिटलरनें ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि ज्या शहरानें जगभरचे वैद्य शुलर यांच्या पायांशीं शिकावयास आणले त्याच शहरांत त्यांना थारा उरला नाहीं. १९३९ मध्यें पासष्टीच्या उंबरठ्यावर ते ऑस्ट्रेलियांत मेलबर्नला पोंचले आणि तेथील एका रुग्णालयांत पुन्हां फोटो वाचीत बसले. युरोपांत राहिलेले त्यांचे दोन्ही मुलगे नाझींच्या हत्याकांडांत बळी पडले. १९५७ सालीं मेलबर्नलाच त्यांचा अंत झाला.

भिंत वाचून भागेना तेव्हां वैद्यांनीं घरांत शिरण्याची खटपट केली. १९१३ सालीं न्यूयॉर्क येथील विल्यम लकेट यांनीं एक विलक्षण फोटो प्रसिद्ध केला. ट्रामच्या धक्क्यानें कवटी फुटलेल्या एका मनुष्याच्या मेंदूच्या पोकळ्यांत बाहेरची हवा शिरली होती, आणि हवेमुळें त्या पोकळ्यांचा आकार फोटोंत लख्ख दिसत होता. अपघातानें जें झालें तें हेतुपुरःसर करण्याचें धाडस बॉल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांनीं १९१८ सालीं केलें: कवटीला भोंक पाडून पोकळींतलें पाणी काढावयाचें, तेथें हवा भरावयाची आणि फोटो घ्यावयाचा. पोर्तुगालचे एगास मोनिझ यांनीं १९२७ सालीं मानेतल्या धमनींत किरण अडवणारें द्रव्य सोडून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचें चित्र मिळवलें. या दोन्ही रीतींनीं असंख्य गांठी सांपडल्या. पण हवेच्या तपासणीनंतर रोगी दिवसच्या दिवस डोकें धरून कण्हत असे, आणि कांहीं रोगी तपासणींतच दगावत.

मुंबईंत मेंदूच्या शस्त्रक्रियेचें युग सुरू झालें तें याच साधनांवर. वेल्लोर येथें डॉ. जेकब चँडी यांनीं १९४९ सालीं भारतांतला पहिला मेंदू-शस्त्रक्रिया विभाग काढला. त्यानंतर लौकरच, कॅनडांत माँट्रियल येथें पेनफील्ड यांच्या हाताखालीं शिकून आलेले डॉ. राम गिंडे मुंबईंत काम करूं लागले. साधा फोटो, हवेचा फोटो आणि धमनीचा फोटो एवढाच त्या पिढीचा शस्त्रसंभार होता. त्यांतही साधा फोटो सर्वांत स्वस्त, बिनदुखाचा आणि लहान गांवांतही मिळण्याजोगा. त्या साध्या फोटोकडून अधिकांत अधिक काम कसें करून घ्यावें याचा एक उत्तम दाखला मुंबईच्याच जे. जे. रुग्णालयानें घालून दिला आहे.

डॉ. नोशीर वाडिया हे लंडनला शिकून परतले आणि १९५७ सालीं त्यांनीं जे. जे. रुग्णालय व ग्रँट मेडिकल कॉलेज येथें मज्जातंतुरोगांचा विभाग सुरू केला. त्यांच्याकडे येणाऱ्यांत एका विशिष्ट तऱ्हेचे रोगी वारंवार दिसूं लागले. बहुतेक तरुण वयाचे. कित्येकांची मान आंखूड, मागची केसांची रेषा खालीं उतरलेली. पाय ताठ होत चाललेले, हातांतली शक्ति कमी होत चाललेली, चालतांना तोल जाणारा. किरकोळ पडल्याझडल्यावर कोणाचें दुखणें एकदम वाढलेलें, तर कोणाचें आपोआप मागें सरलेलें. अशा रोग्याचा विकार मज्जारज्जूच्या एखाद्या असाध्य क्षयाचा म्हणून सोडून देणें अगदीं सोपें असे. पण दोष मज्जारज्जूंत नसून त्याच्या दाराशीं होता.

कवटीच्या तळाशीं एक मोठें छिद्र असतें. मेंदूपासून निघालेला मज्जारज्जु त्यांतून खालीं मानेंत उतरतो. मानेचा पहिला मणका म्हणजे एक कडें. दुसऱ्या मणक्यावर दांतासारखा एक सुळका असतो, तो या कड्यांत पुढच्या बाजूस बसतो आणि त्याच्याभोंवतीं डोकें डावीकडे-उजवीकडे फिरतें. दाराच्या बिजागरींतल्या खिळ्यासारखी ही रचना आहे. सुळक्याला कड्याशीं घट्ट धरून ठेवणारा बंध जन्मतःच दुबळा असेल किंवा सुळकाच अपुरा घडलेला असेल, तर मान पुढें वांकवतांच कडें पुढें घसरतें आणि मज्जारज्जु दोन हाडांच्या चिमट्यांत सांपडतो. मान सरळ केली कीं चिमटा सुटतो. दिवसांतून शेकडों वेळां असें होत राहिलें म्हणजे माणसाचे पाय जाणार नाहींत तर काय होईल? दुसऱ्या कांहीं रोग्यांत सगळा सुळकाच वर चढून त्या मोठ्या छिद्रांत घुसलेला असतो.

हें सारें हाडांचें प्रकरण आहे, आणि हाड तर साध्या फोटोंत दिसतेंच. फोटो मात्र बाजूनें घ्यावयास पाहिजे, त्यांत कवटीचा तळ आणि मानेचे वरचे मणके दोन्ही आले पाहिजेत, आणि एकदां मान पुढें वांकवून, एकदां मागें नेऊन असे दोन घेतले पाहिजेत. अर्थात् रोग्याची मान जपून, तज्ज्ञाच्या देखरेखीखालीं. मग वैद्यानें नुसतें मोजावयाचें. प्रौढ माणसांत कडें आणि सुळका यांच्यामधलें अंतर साधारण ३ मिलिमीटरांहून अधिक नसावें. लहान मुलांत तें ५ पर्यंत चालतें. टाळूच्या हाडाच्या मागच्या कडेपासून मोठ्या छिद्राच्या मागच्या कडेपर्यंत पेन्सिलीनें एक रेषा ओढावयाची. सुळका त्या रेषेच्या फार वर डोकावतां कामा नये. ही रेषा फिलाडेल्फियाचे चेंबरलेन यांनीं १९३९ सालीं सुचवलेली. पेन्सिल आणि पट्टी, इतकेंच साहित्य. डोक्याचा फोटो घेतांना खालची कड मानेपाशीं कापली गेली, किंवा पाहणाऱ्याची नजर नुसती घुमटावर फिरली आणि तळघराकडे गेलीच नाहीं, तर मात्र हा रोग डोळ्यांसमोर असून निसटे.

डॉ. वाडिया यांनीं अशा २८ रोग्यांचा अभ्यास 'ब्रेन' या लंडनच्या नामांकित नियतकालिकांत १९६७ सालीं प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य ग्रंथांत कोपऱ्यांत पडलेला हा विकार त्यामुळें भारतांतील प्रत्येक मज्जातंतुवैद्याच्या ध्यानांत ठळकपणें आला. पाय जात चाललेल्या तरुणाची मान तपासल्यावांचून त्याला असाध्य म्हणूं नये, ही शिस्त पडली. उपचाराची बाजूही पुढें मुंबईंतच बळकट झाली. परळच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. अतुल गोयल यांनीं डॉ. लाहेरी यांच्यासह, पहिला आणि दुसरा मणका दोन्ही बाजूंनीं पट्ट्या व मळसूत्रांनीं एकमेकांशीं जखडण्याची रीत १९९४ सालीं प्रसिद्ध केली, आणि ती जगभर वापरांत आली.

दरम्यान साध्या फोटोचें सिंहासन डळमळलें होतें. इंग्लंडांत गॉडफ्रे हाउन्सफील्ड या अभियंत्यानें असें यंत्र तयार केलें कीं जें डोक्याभोंवतीं फिरून अनेक दिशांनीं किरण सोडतें, प्रत्येक दिशेस किती किरण अडले तें मोजतें, आणि गणितानें डोक्याचे आडवे काप मांडून दाखवतें. १९७१ च्या ऑक्टोबरच्या १ तारखेस विंबल्डनजवळील अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयांत, मेंदूंत गांठ असल्याचा संशय असलेल्या एका स्त्रीचें डोकें त्यांत प्रथम तपासलें गेलें. गांठ दिसली. मेंदू, पाणी आणि रक्त यांच्या छायांतला जो सूक्ष्म फरक साध्या फोटोंत बुडून जात असे, तो या सीटी स्कॅननें वर काढला. पेटी उघडली गेली, आणि तीही टांका न घालतां. १९७९ सालीं हाउन्सफील्ड यांना अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळालें. कवटींत हवा भरण्याची यातना इतिहासजमा झाली.

पण नवें यंत्र महाग होतें आणि गांवोगांव नव्हतें. डोक्यास मार लागलेल्या हजारों माणसांपैकीं कोणाला तेथवर पाठवावें? ग्लासगोच्या मेंदू-शस्त्रवैद्यांनीं, मेंडेलो, टीसडेल, जेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं, १९८३ सालीं याचा जो हिशेब मांडला तो आजही वाचण्यासारखा आहे. मार लागलेला प्रौढ मनुष्य पूर्ण भानावर असेल आणि फोटोंत कवटी शाबूत असेल, तर कवटीच्या आंत रक्ताची गुठळी सांचण्याचा धोका सुमारे ६,००० मध्यें १. भानावर आहे पण कवटीला तडा आहे, तर ३२ मध्यें १. भान गोंधळलेलें आहे पण कवटी शाबूत, तर १२१ मध्यें १. भानही गोंधळलेलें आणि कवटीही फुटलेली, तर ४ मध्यें १.

हे आंकडे दोन्ही अंगांनीं वाचावे लागतात. जो मनुष्य नीट बोलतो आहे त्याच्या बाबतींत फोटोंतला तडा धोका जवळ जवळ दोनशेंपट वाढवतो. म्हणजे फोटो निरर्थक नव्हता, भिंतीला पडलेली भेग घराबद्दल पुष्कळ सांगून जात होती. परंतु ज्याचें भान गोंधळलें आहे, जो आज वार कोणता तें सांगूं शकत नाहीं, त्याचा फोटो कितीही स्वच्छ निघाला तरी त्याचा धोका भानावर असलेल्या स्वच्छ फोटोवाल्याच्या पन्नासपट उरतोच. दवाखान्याच्या दारांतली मंडळी फोटोकडे पाहतात. आंकडे सांगतात कीं आधीं माणसाकडे पाहावें. सीटी स्कॅन सुलभ होत गेला तसतशी साध्या फोटोची ही चाळणीही अपुरी ठरली, आणि २००३ सालीं इंग्लंडच्या आरोग्य-मार्गदर्शक संस्थेनें डोक्याच्या दुखापतींत संशय असेल तर कवटीच्या साध्या फोटोऐवजीं सरळ सीटी स्कॅन करावा असें ठरवून दिलें.

स्वच्छ फोटोचा सर्वांत वाईट दगा कानशिलाशीं बसतो. तेथें कवटीचें हाड पातळ असतें आणि त्याच्या आंतल्या अंगास चिकटून एक धमनी वर जाते. कानशिलावर आघात झाला आणि ती धमनी फाटली, तर हाड आणि मेंदूचें आवरण यांच्यामध्यें रक्त सांचूं लागतें. कवटी ताणत नाहीं. जागा मिळवण्यासाठीं रक्त मेंदूला दाबतें. बहुधा हाडाला तडा असतो, पण तो बारीक असला तर फोटोंत चुकतो. लहान मुलांचें हाड लवचिक असल्यामुळें तें न मोडतांही धमनी फाटूं शकते. पहिल्या धक्क्याची बेशुद्धि ओसरल्यावर असा मनुष्य कधीं कधीं तासन् तास शहाण्यासारखा बोलतो, चहा पितो, घरीं जावयाचा हट्ट धरतो. आणि मग डोकें दुखतें म्हणून आडवा होतो. वेळीं शस्त्रक्रिया झाली तर तो बहुधा पूर्ण बरा होतो. एरवीं सकाळीं उठवावयास गेलेल्या माणसाला तो हालत नाहीं असें आढळतें.

तारापूरच्या परिसरांत या विषयाचा आणखी एक पैलू लोकांच्या मनांत सदैव असतो, तो किरणांच्या भयाचा. तें साहजिकही आहे. देशांतलें पहिलें अणुवीजकेंद्र सालवडपासून थोड्याच अंतरावर समुद्रकांठीं उभें राहिलें आणि २८ ऑक्टोबर १९६९ पासून त्याची वीज व्यापारी तत्त्वावर मिळूं लागली. तेथला कामगार छातीवर किरण मोजणारा बिल्ला लावून काम करतो. शेजारपाजारच्या कित्येक घरांत 'मिलिसीव्हर्ट' हा शब्द परका नसावा. त्या मापानें पाहतां कवटीच्या साध्या फोटोंत शरीराला साधारण एक दशांश मिलिसीव्हर्ट किंवा त्याहूनही कमी मात्रा लागते. डोक्याच्या सीटी स्कॅनला सुमारे २. मातीखडकांतून, आकाशांतून आणि अन्नांतून माणसाला वर्षभरांत जी नैसर्गिक मात्रा मिळते तिची जगाची सरासरी सुमारे २.४ आहे. अणुकेंद्रांतल्या कामगारासाठीं भारतांतील मर्यादा पांच वर्षांच्या सरासरीनें दरसाल २० ची, आणि कोणत्याही एका वर्षीं ३० ची. म्हणजे गरज असतांना किरणांच्या भीतीनें डोक्याचा स्कॅन नाकारणें शहाणपणाचें नाहीं. आणि लहान मुलाला किरण अधिक बाधतात, म्हणून प्रत्येक टेंगळासाठीं स्कॅनचा आग्रह धरणेंही बरें नव्हे. डडली यांच्या टकलापासून येथवर पुष्कळच मजल मारली गेली आहे.

साधा फोटो अजूनही अगदीं हद्दपार झालेला नाहीं. कवटीला जागोजाग भोंकें पाडणारा हाडांच्या मगजाचा कर्करोग, मेंदूंतलें पाणी पोटांत उतरवणाऱ्या नळीची तुटफूट, डोळ्याच्या खोबणींत घुसलेला धातूचा कण, यांसाठीं तो काढला जातो. मान पुढें आणि मागें करून घेतलेल्या त्या दोन फोटोंचें कामही चालूच आहे.

आणि डोक्यास मार लागलेल्या मनुष्याला घरीं पाठवतांना जाणता वैद्य फोटोविषयीं थोडें आणि रात्रीविषयीं फार सांगतो. तो सांगतो कीं याला एकटा निजूं देऊं नका. मधून मधून उठवा, नांव विचारा, कोठें आहे तें विचारा. पुन्हां पुन्हां उलटी झाली, डोकेंदुखी वाढत गेली, बोलणें अडखळलें, एक हात किंवा पाय लुळा वाटला, झटका आला, नाकांतून वा कानांतून पाण्यासारखें कांहीं आलें, एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षां मोठी दिसली, किंवा हांक मारूनही जाग नीट येईना, तर उजाडण्याची वाट पाहूं नका; गाडी काढा आणि जेथें सीटी स्कॅन व मेंदूचा शस्त्रवैद्य दोन्ही असतील तेथें न्या. फोटोचें पाकीट बरोबर असूं द्या, पण त्यांत कांहीं निघालें नव्हतें असें सांगत दारांत थांबूं नका.